विनाशिकेची दोन धर्मलेकरं

पोरोसच्या धक्क्यावर कोस्मासचं कॉफीचं दुकान आहे आणि त्या दुकानातली खिडकीजवळची खुर्ची अर्गीरिसची. तिथं दुसरं कोणी बसत नाही. मानबिन काही नाही हो. तिथं बसलेल्या माणसाला अर्गीरिस येऊन लढाई सांगतो, म्हणून.

अर्गीरिस हा आमच्या बेटावरचा निवृत्त खलाशी. बावन्न वर्षांचा, बुटका, पोट सुटलेला, पण मिशा पाहाल तर एखाद्या ॲडमिरलला उसन्या द्याव्यात अशा. चौदा वर्षं त्यानं ‘स्फीका’ नावाच्या विनाशिकेचं सुकाणू धरलं. स्फीका म्हणजे गांधीलमाशी. चार धुरांडी होती तिला. त्यातल्या तिनांतून धूर यायचा आणि चौथ्यातून पाणी आत जायचं. सगळ्या आरमारात तिला ओळखत, कारण ती कुठंच वेळेवर पोचत नसे. पण हे अर्गीरिससमोर बोलायची सोय नव्हती. त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवा, तो हसेल. स्फीकाला नावं ठेवलीत तर तो टोपी काढून टेबलावर आपटायचा, आणि मग लढाई पहिल्यापासून ऐकावी लागायची.

ती लढाई अख्ख्या बेटाला तोंडपाठ होती. एकोणीसशे बारा साल, तीन डिसेंबर, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर आपलं ग्रीक आरमार आणि तुर्कांचं आरमार समोरासमोर. तोफांचा दणदणाट. आणि त्या धुरातून कोण घुसतं? स्फीका! सुकाणूवर कोण? अर्गीरिस! “एक गोळा आला,” तो सांगायचा, “आमच्या दुसऱ्या धुरांड्यातून आरपार गेला. मी म्हटलं, जा बाबा, तुला रस्ता दिलाय.” कप्तान गालानिस डेकवर ताठ उभा. पाणी उडून त्याची दाढी भिजली, पण पापणी लवली नाही. वगैरे वगैरे.

आणि सगळ्यात शेवटी अर्गीरिस आवाज खाली आणायचा. दुसऱ्या दिवशी, म्हणे, चार तारखेला, तोंडावरची तोफांच्या दारूची काजळी पुसायलाही न थांबता कप्तान गालानिस लिम्नोस बेटावर उतरला. तिथं एका गरीब कोळ्याचं तान्हं पोर मरायला टेकलेलं. बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये म्हणून घरच्यांची धावपळ आणि ठरलेला धर्मबाप लढाईमुळे दुसऱ्याच बेटावर अडकलेला. “काल ज्या हातानं तोफा डागल्या,” अर्गीरिस म्हणायचा, “त्या हातानं आमच्या कप्तानानं त्या लेकराला तेल चोळलं!” इथं बाप्ये माणसं नाकं शिंकरायची. कोस्मास म्हणायचा की या वाक्यानंतर दुसरी कॉफी हमखास मागवली जाते.

गालानिसबद्दल बेटावर सगळ्यांना आदर होता, कारण त्यानं अर्गीरिसच्या लेकीला, थियोनीलाही, धर्मबाप म्हणून तेल लावलं होतं. चौदा सालच्या उन्हाळ्यात स्फीका आमच्या बंदरात उभी होती. तिच्या डेकवर बाप्तिस्म्याचं पात्र ठेवलं, सगळे खलाशी पांढऱ्या कपड्यांत रांगेनं उभे, आणि कप्तानानं पोरीला हातात घेऊन नाव सांगितलं, थियोनी. बेटावर तेव्हापासून तिला ‘विनाशिकेची धर्मलेक’ म्हणतात. शाळेत कोणी तिच्या वाटेला गेलं नाही.

आता ती एकोणीस वर्षांची झाली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा मिरोन, दोन वर्षांपूर्वी लिम्नोसहून आलेला. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम करायचा. हात कामसू, नजर सरळ, आणि बोलणं इतकं कमी की होकार द्यायला मान हलवायचा. थियोनीची आई झाफिरो हिला तो याच कारणानं पसंत पडला. “एका घरात एक बोलका पुरे झाला,” ती म्हणाली. “त्याचंच ऐकून माझे कान किटलेत.”

थियोनी त्याच्यासाठी वेडी झाली होती. रोज दुपारी गोदीवरून जायचं काही कारण नसताना ती रिकामी घागर घेऊन जायची आणि रिकामीच घेऊन परत यायची.

लग्न सप्टेंबरात. ऑगस्टच्या शेवटी मिरोनची आई आसिमिना बोटीनं आली. काळा रुमाल, काखेत चीजची मोठी वाटोळी ढेप, आणि छातीशी धरलेला मिरोनच्या बाप्तिस्म्याचा कागद. लग्नाआधी पाद्री तो बघतातच. आमचे पाद्री पापा-स्तामातिस तेव्हा कोस्मासच्या दुकानात कॉफी पीत होते, म्हणून सगळे तिथंच गेले. पापांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “नाव मिरोन. चार डिसेंबर, एकोणीसशे बारा. धर्मबाप, विनाशिका स्फीकाचा कप्तान.”

कोस्मास ओरडला, “अरे, हे तर लढाईतलं पोर!”

काय गलका झाला म्हणून सांगू! एकवीस वर्षं ज्या बाळाच्या नावानं नाकं शिंकरली, ते बाळ हे एवढं थोराड होऊन समोर उभं. माणसं उठून मिरोनला कवटाळायला लागली. कोणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कोणी त्याच्या तोंडाशी उझो दारूचा पेला नेला. अर्गीरिसची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी उडाली. “बघा! बघा! मी सांगत नव्हतो?”

“थांबा,” पापा-स्तामातिस म्हणाले. त्यांनी कागद टेबलावर ठेवला होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. “अर्गीरिस, थियोनीला तेल कोणी लावलं?”

“कप्तान गालानिसनं. आख्खं बेट साक्षीला होतं.”

“आणि याला?”

अर्गीरिस उडालेली गुंडी शोधायला टेबलाखाली वाकला.

सांगायला नको, आमच्यात एका हातचं तेल लागलेली मुलं भावंडं. सख्ख्यांइतकी सख्खी. म्हणून तर शहाणा माणूस एकतर मुलग्यांचाच धर्मबाप होतो, नाहीतर मुलींचाच. पण कप्तानाला कुठली आलीय ही अक्कल? तो प्रत्येक बंदरात जे पोर समोर येईल त्याला तेल लावायचा. “बहीणभावाचं लग्न मी लावायचं?” पापा म्हणाले. “माझ्याच्यानं होणार नाही, लेकरांनो. मला वाईट वाटतं.” ते खरंच रडवेले झाले होते. आसिमिना मटकन खाली बसली, ती नेमकी चीजवर.

घरी थियोनीनं जाहीर केलं की आपण मठात जाणार.

“मठात पहाटे चारला उठवतात,” झाफिरो म्हणाली. “तू नाही जायचीस.”

“मग मी समुद्रात उडी टाकीन.”

“तुला पोहता येतं.”

यावर थियोनीला जे रडू फुटलं ते थांबेचना, आणि मग झाफिरोही तिच्या शेजारी बसून रडायला लागली. जेवण कोणी वाढलं नाही. अर्गीरिस अंगणात अंजिराखाली बसला होता. त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी बेटावर दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. लिम्नोसच्या त्या पोराला तेल गालानिसनं लावलंच नव्हतं. लावलं होतं स्फीकाच्या आचाऱ्यानं, सिफिसनं. म्हणजे थियोनी आणि मिरोन भावंडं नव्हती. एवढं सांगितलं की लग्न मोकळं.

मग सांग ना बाबा! पण सांगायचं कसं? कोणीही विचारणार, आचारी का? कप्तान कुठं होता? आणि कप्तान कुठं होता हे सांगितलं की तीन डिसेंबरला स्फीका कुठं होती तेही सांगावं लागणार. ती लढाईत नव्हती. लढाईच्या जवळपासही नव्हती. आणि ती जिथं होती तिथं ती कोणामुळे होती, हे सांगायची वेळ आली तर त्यापेक्षा मेलेलं बरं, असं अर्गीरिसला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोस्मासनं तोडगा काढला. “स्फीकाची सेवा-नोंद मागवू या,” तो म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी तिला मोडीत काढली, तेव्हा आरमाराच्या कचेरीत तिचा सगळा इतिहास लिहून ठेवला असेल. कदाचित त्या दोन बाप्तिस्म्यांच्या मधे कप्तान बदलला असेल. अर्गीरिसला आठवत नसेल, माणूस आहे तो. कप्तान दुसरा निघाला तर लग्न होतंय!” सगळ्यांनी माना डोलावल्या. पापांनी तिथंच अर्ज लिहिला.

अर्गीरिसच्या तोंडचं पाणी पळालं. नोंदीत सगळं लिहिलेलं असणार! दहा दिवस तो धड जेवला नाही. टपालाची बोट दिसली की त्याला संडासला लागायची. झाफिरोला वाटलं, पोरीच्या काळजीनं खंगतोय, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला मागितल्याशिवाय दुसरं वाढलं.

अकराव्या दिवशी लखोटा आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पापा-स्तामातिस वाचू लागले, बाकीचे कान टवकारून ऐकू लागले.

“एकोणीसशे सात. जहाज ताब्यात घेतलं. मायदेशी येताना वाट चुकलं, चार दिवस उशीर.”

“वारं असणार,” अर्गीरिस पुटपुटला.

“आठ. पिरेअसच्या धक्क्याला धडक. धक्का दुरुस्त केला. नऊ. रंग दिला. दहा. एका मंत्र्याच्या पत्नीचा पियानो नाफ्प्लियोला पोचवला. पियानोत पाणी. अकरा. पुन्हा धक्क्याला धडक. तोच धक्का.”

दुकानात कोणीतरी खोकल्यासारखं केलं. कोस्मासनं त्याच्याकडे डोळे वटारले.

“बारा,” पापा म्हणाले, आणि सगळे पुढं सरकले. अर्गीरिसनं डोळे मिटून घेतले. “तीन डिसेंबर. समुद्रात. हवा बरी.”

“आणि?”

“एवढंच आहे. समुद्रात. हवा बरी.”

“पाहिलंत?” कोस्मास गरजला. “एवढी मोठी लढाई आणि लिहिणाऱ्यानं काय लिहिलं, हवा बरी! याला म्हणतात जिगर! फुशारकीचं नाव नाही!” लोकांनी टाळ्या पिटल्या. अर्गीरिसनं एक डोळा उघडला. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि लगेच त्या भांड्यातून बाहेरही आला होता, कारण पापा पुढं वाचत होते. “चार डिसेंबर. लिम्नोसजवळ. कप्तान, गालानिस. चौदा. पोरोस. कप्तान, गालानिस.”

मग पुढचं सगळं वाचलं गेलं, कारण आता थांबायचं कोणाला सुचलं नाही. सोळा साली जहाज परक्यांनी ताब्यात घेतलं, अठरा साली परत दिलं, यादीपेक्षा दोन मांजरं जास्त. वीस साली रंग. बावीस साली स्मिर्नाहून निर्वासित आणले, माणसं नऊशे, सत्तरांच्या जहाजावर. इथं दुकान गप्प झालं, कारण त्या नऊशेंपैकी तिघं दुकानातच बसली होती. मग पुन्हा रंग. मग धक्का. मग मोडीत.

पापांनी कागदाची घडी घातली. “कप्तान तोच,” ते म्हणाले.

लोकांनी अर्गीरिसचं एका हातानं अभिनंदन केलं आणि दुसऱ्या हातानं सांत्वन केलं. मिरोन उठला. तो आठ दिवसांत बोलला नसेल इतकं एकदम बोलला. “आई, सामान बांध. गुरुवारच्या बोटीनं जाऊ. रोज तिला रस्त्यात बघून बहीण म्हणायचं, मला नाही जमणार.”

आणि तेवढ्यात दारातून थियोनी आत आली. आमच्याकडे कॉफीच्या दुकानात बाई पाऊल टाकत नाही (आसिमिना पाहुणी, तिची गोष्ट वेगळी), पोरगी तर नाहीच नाही. पण ती सरळ बापाच्या खुर्चीपाशी आली. रडून रडून डोळे सुजले होते.

“बाबा, तुम्ही तिथं होतात,” ती म्हणाली. “नीट आठवून सांगा. मिरोनला तेल लावलं तो कप्तानच होता? तुम्ही नक्की पाहिलंत?”

“पोरी,” अर्गीरिसनं सवयीनं सुरुवात केली, “तोंडावरची दारूची काजळीसुद्धा न पुसता...” आणि तो अडकला. पोरगी त्याच्याकडे बघत होती. त्यानं टोपी काढली. टेबलावर आपटली नाही, नुसती मांडीवर ठेवली. “कप्तान नव्हता,” तो म्हणाला. “सिफिस होता. आमचा आचारी.”

“आचारी?” पापा म्हणाले. “आणि कप्तान कुठं होता?”

“केबिनचं दार लावून बसला होता. लढाई चुकली म्हणून.”

“कोणाची लढाई चुकली?”

“आमची.”

एकदा बूच निघाल्यावर मग काय, भडाभडा सगळं बाहेर आलं. ख्रिसमसचे उपास चालू होते. तीन आठवडे सिफिस सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या घेवड्याची आमटी वाढत होता. तीन तारखेला सकाळी आरमार लढाईला निघालं, स्फीका नेहमीप्रमाणे मागं राहिलेली, लिम्नोसचा किनारा धरून चाललेली. कप्तान खाली दाढी करत होता. आणि किनाऱ्यावर कोणा कोळ्यानं दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते. आठ ऑक्टोपस. उन्हात चकाकत होते.

“उपासाला चालतात ना ते,” अर्गीरिस केविलवाणा होऊन म्हणाला. “मी नुसतं बघत होतो. देवाशपथ, नुसतं बघत होतो. पण माणूस जिकडं बघतो तिकडं त्याचा हात जातो. आणि हातात सुकाणू.”

विनाशिका भर वेगानं वाळूत घुसली. साबणानं माखलेला कप्तान बाहेर आला, त्यानं चहूकडे वाळू बघितली, दूरवर तोफांचा आवाज ऐकला, एक शब्द न बोलता खाली गेला आणि दाराला आतून कडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिफिस पाणी आणायला किनाऱ्यावर गेला. थंडी मरणाची, म्हणून त्यानं चुलीपाशी वाळत टाकलेला कप्तानाचा कोट अंगात चढवला. होडी अर्गीरिस वल्हवत होता. किनाऱ्यावर एक कोळी धावत आला आणि कोटावरच्या सोनेरी पट्ट्या बघून सिफिसच्या पायांवर पडला. कप्तान, माझं पोर चाललंय, धर्मबाप व्हा!

“त्याला काय सांगणार, हा आचारी आहे म्हणून? पोर निळं पडलं होतं,” अर्गीरिस म्हणाला. “सिफिसला भीतीनं नावही आठवेना, त्यानं स्वतःच्या बापाचं सांगून टाकलं. मिरोन. वहीत ‘कप्तान’ लिहा असं पाद्र्यांना मीच सांगितलं. सिफिसला लिहिता येत नाही.”

आसिमिना मागून बोलली. “मला तेव्हाच वाटलं होतं!” ती पुढं आली. “बाळ हातात दिलं तेव्हा मी त्या माणसाच्या हाताचं चुंबन घेतलं. रीतच आहे. तर हाताला कांद्याचा वास! कोटाच्या गुंड्या पोटावर लागत नव्हत्या. आणि जाता जाता चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडलंन, चव घेतलीन आणि मला म्हणतो कसा, बाई, मीठ घाल. मी म्हटलं, कप्तान लोकांचं सगळ्याकडं लक्ष असतं!”

“आणि जहाज वाळूत होतं ते दिसलं नाही तुम्हाला?” पापांनी विचारलं.

“दिसलं की. आदल्या दिवसापासून उभं होतं, जरा कलतं. मला वाटलं, मोठी जहाजं टेकूनच उभी राहत असतील.” मग ती अर्गीरिसकडे वळली. “ऑक्टोपस आमचेच होते ते. संध्याकाळी दोरी रिकामी होती.”

अर्गीरिसनं मान खाली घातली.

“थांब, थांब,” कोस्मास म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता. “धुरांड्यातून गोळा आरपार गेला होता ना?”

“गंजून भोक पडलं होतं.”

“आणि कप्तानाची दाढी भिजली...”

“साबण होता तो.”

“अर्गीरिस, मी त्या दाढीच्या नावानं मुलाला आरमारात घातला रे!”

आता हसू की रडू असं सगळ्यांना झालं होतं, पण हसणारा पहिला निघाला मिरोन. तो जो हसायला लागला, तो टेबल धरून हसला, मग थियोनीला मिठी मारून हसला, आणि तीही हुंदके देत हसली. पापांनी दोन वेळा खाकरून दोघांना वेगळं केलं. आपण तेल लावणारा हात बघतो, कोट बघत नाही, असं ते म्हणाले, आणि बिशपसाहेबांसाठी सगळी हकीकत कागदावर लिहून काढली. अर्गीरिसनं खाली सही केली. ‘ऑक्टोपस’ हा शब्द गाळता येईल का, असं त्यानं हळूच विचारलं. पापा म्हणाले, येणार नाही.

पंधरा दिवसांनी परवानगी आली. त्या पंधरा दिवसांत अर्गीरिसचं काय झालं ते विचारू नका. तो रस्त्यानं निघाला की पोरं वाळूत रुतल्यासारखी चालायची. कोस्मासनं त्याच्या खुर्चीवरच्या भिंतीला एक वाळका ऑक्टोपस टांगला. अर्गीरिसनं तीन दिवस त्या दुकानाचं तोंड पाहिलं नाही, चौथ्या दिवशी जाऊन ऑक्टोपसखालीच बसला. काही बोलला मात्र नाही. लोकांना चुकल्यासारखं झालं.

लग्नाचा कुंबारोस, म्हणजे मुख्य साक्षीदार होण्याचा पहिला मान नवऱ्याच्या धर्मबापाचा. नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट त्यानंच फिरवायचे. तेव्हा सिफिसला पिरेअसहून बोलावणं गेलं. तिथं त्याची छोटी खानावळ होती. तो आला, सत्तरीचा, दरवाजात तिरका होऊन शिरावं लागेल एवढा. मिरोननं त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. “अजून कांदाच,” तो थियोनीला म्हणाला. चर्चमध्ये मुकुट बदलताना सिफिस इतका रडला की पापांनी मंत्र थांबवून त्याला पाणी दिलं.

जेवणं अर्गीरिसच्या अंगणात होती. सिफिसनं आधी झाफिरोच्या चुलीवरची सगळी झाकणं उघडून पाहिली, मीठ सुचवलं, शिव्या खाल्ल्या, आणि मग अर्गीरिसशेजारी येऊन बकऱ्याची तंगडी घेऊन बसला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग तोंडातला घास न संपवता तो म्हणाला, “बिचारा गालानिस. आज हवा होता. तुझ्यापायी अडकला तो.”

“माझ्यापायी?” अर्गीरिस म्हणाला. “तो लाजेनं दार लावून बसला होता.”

“आधी लाजेनं. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण वाळूतून निघालो आणि ॲडमिरलचा माणूस चौकशीला आला, आठवतं? मी कॉफी घेऊन आत गेलो होतो. तो माणूस म्हणाला, सुकाणूवर कोण होतं त्याचं नाव सांग, त्याला तुरुंगात घालतो. गालानिस म्हणाला, सुकाणू माझ्या हातात होतं.”

अर्गीरिसनं उचललेला पेला तोंडाशीच थांबला.

“तो माणूस म्हणाला, कप्तान कधी सुकाणू धरतो का? हा म्हणाला, मी धरलं होतं. मग मी कप उचलायला थांबलो, तर मला म्हणाला, सुकाणूवरच्या पोराचं सहा महिन्यांपूर्वी लग्न झालंय ना रे? मी म्हटलं, हो. त्यानं वहीत लिहिलं, समुद्रात, हवा बरी.” सिफिसनं हाड चोखलं. “आरमारानं तेवढ्यावर झाकण टाकलं. पण त्याला पुढची बढती कुठली मिळायला? त्याच खटाऱ्यावर राहिला, मग कुठल्या तरी चिमुकल्या बंदरात अधिकारी, तिथंच गेला.”

अंगणात वाजंत्री चालू होती. त्या चौकशीनंतर दीड वर्षानं त्याच कप्तानानं डेकवर थियोनीला हातात घेतलं होतं आणि अर्गीरिसला विचारलं होतं, डोळे कोणावर गेलेत, आईवर ना? बरं झालं.

“एकवीस वर्षं झाली, सिफिस,” अर्गीरिसचा आवाज फुटला. “किती वेळा भेटलो आपण. सांगितलं का नाहीस?”

“सांगणार कधी?” सिफिस म्हणाला. “भेटलास की तू लढाई सुरू करायचास.”

अर्गीरिसनं पेला खाली ठेवला आणि तो सगळ्यांसमोर, लेकीच्या लग्नात, ढसाढसा रडला. मिशा भिजून हनुवटीला चिकटल्या. थियोनी नाच सोडून धावत आली. “बाबा, काय झालं? मी कुठं जाणार आहे, गोदीपलीकडच्या गल्लीत तर जातेय!”

“उद्या चर्चमध्ये तुझ्या धर्मबापाच्या नावानं मेणबत्ती लाव,” तो म्हणाला. “एक तुझी. आणि एक मला आणून दे, ती मी लावीन.”

कोस्मास शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं स्वतःच्या पेल्यातली अर्धी दारू अर्गीरिसच्या पेल्यात ओतली आणि त्याच्या बाजूला बसून राहिला.